दहावीची संक्षिप्त उजळणी-पुस्तिका : जूनमध्ये घेतली, डिसेंबरमध्ये घ्यायला हवी होती

मुलीचे दहावीचे वर्ष सुरू झाले तेव्हा, जूनच्या पहिल्याच आठवड्यात, रत्नागिरीच्या रामआळीतल्या एका दुकानातून मी विज्ञान आणि भूगोल यांची संक्षिप्त उजळणी-पुस्तिका २८० रुपयांना घेतली. प्रकाशकाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तशा चार-पाच पुस्तिका त्या काउंटरवर शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या आणि चाळून पाहिल्यावर त्यांच्यात मुखपृष्ठाच्या रंगापलीकडे फारसा फरक जाणवला नाही. परीक्षा होऊन निकालही लागला आहे, त्यामुळे वर्षभराच्या वापरावरून आता लिहिता येईल.

आधी सोयीचे. आम्ही पावसला राहतो आणि मुलगी शिकवणीसाठी एसटीने रत्नागिरीला जात असे. मोठ्या आकाराचे पाठ्यपुस्तक उभ्याने प्रवास करताना उघडता येत नाही. ही पुस्तिका मात्र एका हातात मावते आणि गाडी भाट्याच्या पुलावर येईपर्यंत दोन-तीन पाने सहज नजरेखालून जातात. सूत्रे एकत्र दिली आहेत, व्याख्या ठळक अक्षरांत आहेत, भारत आणि ब्राझील यांचे सरावासाठीचे कोरे नकाशे चांगल्या कागदावर आहेत. बांधणीबद्दल मात्र चांगले बोलता येणार नाही. नुसत्या डिंकावर चिकटवलेली पाने आमच्या पावसाळ्यात, श्रावण सरायच्या आतच, सुटू लागली आणि गणपतीनंतर भिंगांचे प्रकरण स्वतंत्रपणे दप्तरात फिरत होते.

त्याच प्रकरणाने आम्हाला चटका दिला. पूर्वपरीक्षेत गणित होते : २० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगापासून ३० सेंमी अंतरावर वस्तू ठेवली आहे, तर प्रतिमा कोठे मिळेल? मुलीने सूत्र बिनचूक लिहिले, वस्तूचे अंतर अधिक ३० धरले आणि उत्तर काढले १२ सेंमी. वास्तविक वस्तू भिंगाच्या डावीकडे असल्यामुळे ते अंतर उणे ३० धरायचे असते आणि मग उत्तर येते ६० सेंमी. प्रतिमा वास्तव, उलट आणि वस्तूच्या दुप्पट. घरी आल्यावर मी पुस्तिकेतले ते सुटे पान काढून पाहिले. सूत्र होते, त्याभोवती जाड चौकटही होती, परंतु चिन्हांचा संकेत दोन पाने आधी, आकृतीशिवाय, चार ओळींत आटोपलेला होता आणि ते पान दप्तरात नव्हतेच. पाठ्यपुस्तकात हाच कार्टेशिअन चिन्ह संकेत आकृतीसह समजावलेला आहे. शिवाय तेथे वस्तू कोठे ठेवल्यास प्रतिमा कोठे आणि कशी मिळते याचे कोष्टक आहे. ते कोष्टक ज्याने आकृत्या काढून एकदा समजून घेतले आहे, त्याला १२ सेंमी हे उत्तर लिहितानाच खटकते, कारण वस्तू नाभीय अंतराच्या एकपट आणि दुपटीच्या मध्ये असताना प्रतिमा दुपटीच्या, म्हणजे ४० सेंमीच्या, पलीकडेच पडायला हवी. उत्तर चुकले आहे हे स्वतःचे स्वतःला कळण्याची ही जी सोय पाठ्यपुस्तकात आहे, तीच नेमकी संक्षेप करताना गळून पडते, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

भूगोलातही हेच झाले आहे, फक्त तेथे गुणांपेक्षा गोडीचे नुकसान अधिक आहे. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा नळदुर्गहून अलिबागला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या सहलीचा आहे. घाट उतरताना बदलत जाणारी जमीन, झाडे, हवा हे सगळे त्या मुलांच्या नजरेने पाहायचे असते. समुद्रकाठच्या मुलांना आपला किनारा पाहुण्यांच्या डोळ्यांनी पाहायला मिळावा, ही केवढी गमतीची गोष्ट! पुस्तिकेत त्याचे ‘क्षेत्रभेटीचे महत्त्व : पाच मुद्दे’ झाले आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागातील अवर्षणाचे कारण दोन वाक्यांत दिले आहे. ते चुकीचे नाही, पण समुद्रावरून येणारे वारे कड्याला अडून अलीकडे पाऊस पाडतात आणि पलीकडे पर्जन्यछाया राहते, हे नकाशा समोर ठेवून वाचले की आमच्याकडच्या मुलाला आंबोली आणि घाटापलीकडचा कोरडा मुलूख आपसूक आठवतो आणि मग पाठ करण्यासारखे काही उरत नाही. (परसातला काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी इकडे आणलेला, हे सांगितल्यावर मुलीने तो नकाशा पुन्हा काढून पाहिला. असे धागे जुळायला जरा ऐसपैस मजकूर लागतो.)

मग पालक या पुस्तिका जूनमध्येच का घेतात? उत्तीर्ण होण्याची चिंता म्हणावी, तर कोकण विभागाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात सर्वाधिक असतो. २०२५ मध्ये तो ९८.८२ टक्के होता. चिंता असते ती शेजारच्या मुलापेक्षा दोन गुण कमी पडण्याची, आणि दुकानदार ती बरोबर ओळखतो. मीही त्याच चिंतेने पैसे दिले, हे कबूल करते. बालभारतीची पाठ्यपुस्तके त्या मानाने स्वस्त आहेत आणि बालभारतीच्याच संकेतस्थळावर ती पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. तरीही आमच्या घरी विज्ञानाचा पहिला भाग दिवाळीपर्यंत जवळजवळ कोरा करकरीत राहिला, कारण ‘सगळे पुस्तिकेत आहे’ असा मुलीचा आणि खरे तर माझाही समज झाला होता.

पूर्वपरीक्षेनंतर आम्ही क्रम उलटा केला. आधी पाठ्यपुस्तकातला पाठ, त्यातल्या आकृत्या स्वतः काढणे, स्वाध्याय सोडवणे आणि त्यानंतरच पुस्तिकेवरून झडती. अशा वापरात ती उपयोगी पडली, हे नमूद केले पाहिजे. विज्ञानाची प्रत्येक प्रश्नपत्रिका ४० गुणांची आणि दोन तासांची असते. आदल्या संध्याकाळी दहा पाठांवरून हात फिरवायचा तर पाठ्यपुस्तक पुरे होत नाही आणि तेथे पुस्तिकाच हाताशी हवी. तेव्हा घ्यायचीच असेल तर पाठ्यपुस्तक एकदा वाचून झाल्यावर, डिसेंबरमध्ये घ्यावी, आणि शक्य तर शिवलेल्या बांधणीची पाहून घ्यावी. मी पाचपैकी तीन तारे देते. जूनमध्ये विचारले असते तर पाच दिले असते आणि जानेवारीत एक.

धाकटा पुढच्या वर्षी दहावीत जाईल. पुस्तिकेची सुटी पाने मुलीने रबर लावून त्याच्यासाठी ठेवली आहेत आणि भिंगाच्या सूत्राखाली लाल शाईने लिहिले आहे : ‘वस्तू डावीकडे, अंतर उणे. आकृती पाठ्यपुस्तकात बघ.’