साधा क्रूझ की अडॅप्टिव्ह क्रूझ: वरच्या व्हेरियंटचे पैसे द्यायचे का?

नवीन गाडी बुक करताना हल्ली बरेच जण इथेच अडतात, की साधा क्रूझ कंट्रोल पुरे की अडॅप्टिव्हसाठी टॉप व्हेरियंटपर्यंत जायचं. माझ्या गाडीत साधा आहे, दादाच्या गाडीत अडॅप्टिव्ह, आणि पुणे-नागपूर दोन्ही गाड्यांनी भरपूर वेळा झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्याचं काम एकच. १०० ला सेट केलं की गाडी १०० धरून ठेवते, समोर ट्रक आलाय का म्हैस आलीये तिला काही कळत नाही, ब्रेक तुम्हीच मारायचा आणि ब्रेक मारला की क्रूझ सुटतो. अडॅप्टिव्हमध्ये पुढच्या बंपर किंवा ग्रिलमागे रडार असतो आणि आतल्या आरशामागे काचेला कॅमेरा (काही गाड्यांत नुसता कॅमेराच), त्यावरून पुढच्या गाडीचं अंतर मोजून तुमची गाडी स्पीड कमी-जास्त करते. पुढची ८० वर आली की आपलीही ८०, ती बाजूला झाली की परत १००.

आता समृद्धीवर रस्ता मोकळा असताना खरं सांगायचं तर दोघांत फार फरक जाणवत नाही. फरक कळतो तो मध्यम ट्रॅफिकमध्ये. उजव्या लेनमध्ये ६० ने चाललेला ट्रक आला की माझ्या गाडीत ब्रेक मारा, तो बाजूला होईपर्यंत थांबा, मग परत रिझ्यूम दाबा, आणि हे तासात वीस वेळा झालं की क्रूझ बंदच करून टाकतो मी. दादाच्या गाडीत हे सगळं आपोआप होतं आणि रविवारी संध्याकाळी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर गाड्या रांगत असतात तेव्हा तर पाय अक्षरशः वाचतो. पण त्यासाठी स्टॉप अँड गो वालं लागतं, म्हणजे पूर्ण थांबून परत निघणारं, आणि ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येच मिळतं.

सेफ्टीचं मात्र नीट वाचा, कारण शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. अडॅप्टिव्ह क्रूझ चालत्या गाडीच्या मागे जायला बनवलाय, उभ्या गाडीसाठी नाही. रस्त्यावरचे बोर्ड, रेलिंग, पूल ह्या सगळ्यांवरून रडारला सिग्नल परत येतो, त्या प्रत्येकासाठी गाडी ब्रेक मारायला लागली तर चालवणं अशक्य होईल, म्हणून जास्त स्पीडला सिस्टीम उभ्या वस्तू बऱ्याचदा सोडून देते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. आणि आपल्याकडे तर समृद्धी असो की जुना हायवे, कडेला नाहीतर चक्क लेनमध्ये बंद पडलेला ट्रक हमखास असतो. एकदा आमच्या पुढची कार शेवटच्या क्षणी लेन सोडून बाजूला झाली आणि समोर ट्रेलर उभा, आणि आपल्या गाडीला वाटलं रस्ता मोकळा झाला म्हणून ती स्पीड वाढवायला लागली. दादाचा पाय ब्रेकजवळच होता म्हणून वाचलो. ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेक, म्हणजे टक्कर होणार असं वाटलं की गाडी स्वतःच ब्रेक मारते ते, ही वेगळी सोय आहे, पण १०० च्या वर ती आपल्याला थांबवेलच ह्या भरवशावर बसू नका, प्लीज.

म्हणून पाय ब्रेकजवळ, ॲक्सिलरेटरवर टेकवून ठेवायचा नाही. ॲक्सिलरेटर दाबलेला असेल तर बहुतेक गाड्या क्रूझचा ब्रेक मारतच नाहीत.

अडॅप्टिव्हमध्ये पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं त्याचं सेटिंग सगळ्यात लांबचं ठेवा. १०० ला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते, १२० ला ३३. हो, त्या मोकळ्या जागेत कोणीतरी घुसणारच आणि आपली गाडी एकदम ब्रेक मारणार, त्यामुळे मागे कोण चिकटलंय ते आरशात बघत राहायचं.

घाटात दोन्ही बंद. वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून बाहेर गेली की अडॅप्टिव्ह भर वळणात स्पीड वाढवू शकतो, आणि उतारावर तर खालचा गिअरच बरा. जोरदार पावसातही दोन्ही बंद. साध्या हायवेवर बाईक, राँग साइडने येणारा ट्रॅक्टर, माणसं, गुरं हे सगळं असतं आणि ह्यातलं बरंच रडारला नीट कळत नाही. समृद्धीवर दुचाकी-तीनचाकीला बंदी आहे, म्हणून तिथे हे फीचर त्यातल्या त्यात शोभतं.

साध्या क्रूझची एक गोष्ट मला अजूनही आवडते, त्याच्यावर विसंबता येत नाही म्हणून डोळे रस्त्यावरच राहतात. अडॅप्टिव्हमध्ये अर्ध्या तासाने मन भरकटायला लागतं. मी स्वतः अनुभवलंय, आणि ह्याचीच मला जास्त भीती वाटते.

घेताना फक्त एडास (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या अशा सगळ्या सोयींचं एकत्र नाव) हा शब्द बघून पैसे देऊ नका. २०२३ ची ह्युंदाई व्हेन्यू आणि २०२४ ची किया सॉनेट, दोन्हीत लेव्हल १ एडास होतं पण अडॅप्टिव्ह क्रूझ नव्हता. शिवाय बंपर किंवा पुढची काच बदलली की रडार-कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे परत अचूक जुळवणी, करावं लागतं, तो खर्च इन्शुरन्समध्ये धरतात का ते आधीच विचारा. पुढे बुल गार्ड (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) तर अजिबात लावू नका, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय आणि रडारसमोर लोखंड आलं की तो नीट बघणार कसा.

माझं मत विचाराल तर महिन्यातून तीन-चार वेळा एक्सप्रेसवे किंवा समृद्धी होत असेल आणि ऑटोमॅटिकच घ्यायची असेल तर अडॅप्टिव्ह घ्या. रोजचं शहरातलं आणि वर्षातून दोनदा कोकण, तर साधाही पुष्कळ, ते पैसे चांगल्या टायरला ठेवा. टेस्ट ड्राइव्ह मात्र हायवेवरच मागा, आणि डिस्प्लेवर पुढच्या गाडीचं छोटं चित्र येतं ते कुठे येतं आणि कधी गायब होतं तेवढं बघून घ्या. ते चित्र नसेल तर तुमच्या गाडीला पुढची गाडी दिसतच नाहीये.