एकट्यानं नर्मदेकाठी: ओंकारेश्वर की महेश्वर?

इंदूरहून ओंकारेश्वर अंदाजे ८० किमी, महेश्वर ९०-९५. एकटेपणा अंगावर येत असेल तर ओंकारेश्वर. मांधाता बेटाची परिक्रमा साधारण ७ किमी, रमतगमत तीन तास. पाय चालत राहिले की डोकं आपोआप गप्प बसतं. पहाटेच निघा, उशीर झाला की दगड तापतात, चढावर दम लागतो. पाणी दोन लिटर घ्या. श्रावणी सोमवारी मात्र नकोच, नुसती रेटारेटी.

महेश्वर बसून राहण्यासाठी. अहिल्याबाईंच्या वाड्यात रोज सकाळी बोटाच्या पेराएवढी मातीची शिवलिंगं वळतात, पाटावर ओळीनं मांडून पूजतात आणि लगेच नर्मदेत सोडतात. उद्या पुन्हा नवी माती. हे पाहायचं तर मुक्काम आदल्या रात्रीच हवा.