तिथीवालं भिंतीवरचं कॅलेंडर: एका इलस्ट्रेटरचा रिव्ह्यू (५ पैकी ४.५)

मी इलस्ट्रेशनची कामं घेते, त्यातला मोठा हिस्सा दिवाळी अंकांचा. आणि गेली काही वर्षं माझं सगळं प्लॅनिंग भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालतं, तेच ते कालनिर्णय टाइप, मोठे आकडे, तिथी, संकष्टीचा चंद्रोदय, मागच्या बाजूला लेख आणि रेसिपी. कुठल्याही कंपनीचं घ्या, हा रिव्ह्यू त्या प्रकाराचा आहे, ब्रँडचा नाही.

आधी एक हॅबिट ट्रॅकर अ‍ॅप वापरायचे, नाव घेत नाही. रोज ठरलेल्या वेळी नोटिफिकेशन, रोज तेवढंच टार्गेट, दोन दिवस चुकले की स्ट्रीक शून्य. मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरातली सकाळ त्याच्या लेखी सारखीच. माणूस असा चालत नाही हो! आपल्या पेशींमध्ये चोवीस तासांचं घड्याळ असतं, ते चालतं कसं हे शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालंय. दुपारची सुस्ती नुसत्या भाताने येत नाही, त्या घड्याळातच दुपारचा उतार असतो. आणि आयुर्वेदाने तर अख्ख्या वर्षाचेच दोन भाग पाडलेत, शिशिर ते ग्रीष्म आदानकाळ म्हणजे ताकद उतरत जाते, वर्षा ते हेमंत विसर्गकाळ म्हणजे परत भरत जाते, आणि एरवी दिवसा झोपू नका म्हणणारं शास्त्र उन्हाळ्यात मात्र दुपारच्या झोपेला परवानगी देतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

आता कॅलेंडरचा खरा उपयोग. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन एकदम ८ नोव्हेंबरला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं, तो फरक साठत जातो आणि अधिक महिन्याने भरून निघतो, हे शाळेत शिकलो होतो पण कामात त्याचा अर्थ असा की दिवाळी अंकाची डेडलाइन अडीच आठवडे पुढे सरकते आणि पाऊस मात्र त्याच्या वेळेलाच येतो. म्हणजे रंगकामाला कोरडे दिवस जास्त मिळतात. जानेवारीतच पानं पुढे चाळली की हे दिसतं, आणि संपादकांशी तारखा तेव्हाच बोलून ठेवता येतात.

कोरडे दिवस म्हणजे काय ते वॉटरकलरवाल्यांना विचारा. जुलैत पहिला वॉश टाकला की तो तासभर ओलाच, त्यावर दुसरा थर दिला की खालचा रंग उचलला जातो आणि चिखल होतो. कागदाला दमट हवा लागून सायझिंग, म्हणजे कागदाला रंग लगेच शोषू न देणारा लेप, गेलं असेल तर रंग टिपकागदावर पडल्यासारखा पसरतो, कडा म्हणून राहतच नाही. मग आषाढात मी रंग बाहेरच काढत नाही. कथा वाचणं, पेन्सिलची रफ, काळ्या शाईचं काम, आणि ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी नुसतं खिडकीत बसणं, हो, तेही प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. बारीक रंगकाम भाद्रपद उलटल्यावर. तेव्हा हातही चालतो आणि कागदही साथ देतो.

रोज रात्री चौकोनात एक खूण करते. काम छान झालं तर हिरवी टिंब, ओढूनताणून झालं तर लाल. आणि पाळीच्या तारखेला फुली, जी आईच्या आणि मावशीच्या कॅलेंडरवर पण असायचीच, फक्त तेव्हा त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. तीनचार पानं उलटून बघा, लाल टिंबं फुलीच्या आधीच्या दिवसांत गोळा झालेली दिसतात, निदान माझी तरी. ते बघितल्यापासून त्या दिवसांत मी क्लायंट मीटिंग ठेवत नाही, स्कॅनिंग, बिलं, फाइलींना नावं देणं असली कामं ठेवते. स्वतःला आळशी म्हणणं बंद झालं हा मला मिळालेला सगळ्यात मोठा फायदा, आणि मैत्रिणींना मी हे अक्षरशः पकडून पकडून सांगते.

अर्धा स्टार का कापला? चौकोनात आधीच इतकं छापलेलं असतं की लिहायला जागा उरत नाही, दुधाचा हिशोब आणि माझी टिंबं एकमेकांत घुसतात. आठवण करून देत नाही, रोज समोर जाऊन उभं राहावं लागतं. सूर्योदयाच्या वेळा कुठल्या शहराच्या छापल्यात ते बघून घ्या, नागपूरचा सूर्य मुंबईच्या जवळपास पंचवीस मिनिटं आधी उगवतो, पहाटे काम करणाऱ्यांना तेवढा फरक पडतो.

वाण्याकडून किंवा पतसंस्थेकडून फुकट मिळालेलं असलं तरी चालेल, पण तिथी आणि मराठी महिने नीट छापलेले हवेत. साधा बॉलपेन वापरा, गुळगुळीत कागदावर जेल पेन फासतं. आणि लावायचं ते कामाच्या टेबलासमोर, स्वयंपाकघरातलं वेगळं ठेवा.