डबलसीट टूरिंगचं सामान: सॅडलबॅगा, टँक बॅग आणि टॉप बॉक्स काही महिने वापरल्यावर

डबलसीट लांब फिरायचं म्हणून मी मोटरसायकलला बराच सरंजाम लावला: दोन्ही बाजूंना लोखंडी स्टे (बॅग चाकापासून दूर धरणारी चौकट), त्यावर कापडी सॅडलबॅगा, टाकीवर टँक बॅग आणि मागे प्लेटवर टॉप बॉक्स. त्याला आता बरेच महिने झाले. ऊन, पाऊस, घाट, उखडलेले रस्ते, सगळं खाऊन झालंय. टॉप बॉक्स सध्या माळ्यावर आहे. आणि या सगळ्यात सर्वात कामाची निघालेली वस्तू गाडीला लागतच नाही: बॅग अडकवून वजन करायचा, हातात धरायचा छोटा काटा.

तो काटा का लागला ते आधी सांगतो, कारण बॅग किती लिटरची घ्यावी याचं उत्तर त्यातच आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: कर्ब वेट (पेट्रोल-ऑइल भरलेल्या रिकाम्या गाडीचं वजन) आणि जास्तीत जास्त एकूण वजन. दोन्हींची वजाबाकी केली की गाडीवर किती लादता येतं ते कळतं. माझ्या गाडीचे आकडे १८५ आणि ३६० किलो, म्हणजे हातात १७५. ऐकायला भरपूर वाटतं. मी ७८, बायको ६०, इथेच १३८ झाले. दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट, हातमोजे मिळून बारा किलोच्या आसपास. लोखंडी स्टे, मागची प्लेट, क्रॅश गार्ड हेही गाडीसोबत आलेले नाहीत, त्यांचे सहा-सात. उरले साधारण अठरा किलो, आणि त्यात बॅगांचं स्वतःचं वजनही आलं. एक सावधानता: जाहिरातीत कधी कधी ड्राय वेट छापलेलं असतं. त्यात पेट्रोल धरलेलं नसतं. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या जवळपास जातं, म्हणजे पंधरा लिटरची भरलेली टाकी अकरा किलो. तो आकडा धरून हिशोब केलात तर नसलेलं वजन शिल्लक दिसेल.

अठरा किलो हातात आहेत हे कळल्यावर माझं खरेदीचं मत पार बदललं. बाजूला पस्तीस-चाळीस लिटरच्या बॅगा बघत होतो, घेतल्या वीस लिटरच्या. बॅगेत जागा दिसली की आपण भरतोच. छोटी बॅग स्वतःच नाही म्हणते.

सॅडलबॅगांवर मी खूश आहे. बॅग बंद करण्याआधी प्रत्येक बाजू काट्याला लावतो. दोन्हींत किलोभरापेक्षा जास्त फरक ठेवत नाही. माझ्या गाडीला सायलेन्सर उजवीकडे आहे, त्यामुळे उजवा स्टे थोडा बाहेर आणि वर बसतो. जे वजन मध्यापासून लांब ते जास्त ओढतं, म्हणून उजवीकडे कपडे, चादर, रेनकोट असलं फुगीर पण हलकं सामान आणि डावीकडे हत्यारं, पंक्चर किट, पंप, जास्तीची ट्यूब. बॅगेच्या आतही जागा ठरलेल्या आहेत: जड वस्तू तळाला, पुढच्या कोपऱ्यात, चाकाच्या बाजूला चिकटून. तेच हत्यारांचं पाकीट वर आणि बाहेरच्या खिशात टाकून बघा, मंद वेगात यू-टर्न घेताना फरक हाताला कळतो.

सायलेन्सरच्या बाजूला बॅग आणि पाइप यांत नुसतं अंतर असून भागत नाही. उभ्या गाडीत चार बोटं अंतर दिसतं, पण दोघं बसून खड्ड्यात आदळलं की बॅग खाली येते आणि हलते. मी मध्ये पत्र्याची जाळी लावली आहे. तरीही प्रत्येक थांब्याला हात लावून बघतो. कापड गरम लागलं तर पट्टा एक घर आवळायचा. तसंच चाकाच्या बाजूचं. बॅग आत झुकली तर टायरला घासते, म्हणूनच स्टे हवाच. नुसत्या सीटवरून टाकलेल्या बॅगा डबलसीटवर मला पटत नाहीत.

पट्ट्यांची लोंबती टोकं हा वेगळा विषय आहे आणि लोक तो फार हलक्यात घेतात. पट्टा आवळला की वीतभर शेपूट उरतं. वाऱ्यात ते फडफडत राहतं, बकल हळूहळू सैल होतं, शेपूट वाढतं आणि बरोबर चेनच्या उंचीवर येतं. चेनने किंवा स्पोकने ते एकदा धरलं की मागचं चाक जाम होऊ शकतं. मी प्रत्येक टोक बकलपर्यंत गुंडाळतो आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेल्या रबराच्या कड्यात अडकवतो. हे रबर ऊन-पावसात साध्या रबरबँडसारखं तुटत नाही.

हुकवाली बंजी (लवचिक दोरी) मी पूर्ण बंद केली. ताणलेला हुक सुटला तर थेट डोळ्यावर येतो. शिवाय ती ताणली जाणारी वस्तू आहे, सामान प्रत्येक धक्क्याला तिच्याविरुद्ध नाचतं. कॅम बकलचे (हाताने ओढून आवळायचे) सपाट पट्टे घ्या. ट्रकवाल्यांचा रॅचेट पट्टाही नको, त्यात एवढी ताकद येते की बॅगेची शिवण उसवते किंवा प्लेट वाकते.

आता टॉप बॉक्स. बॉक्स वाईट नाही. कुलूप आहे, पाणी येत नाही, हेल्मेट राहतं. पण त्याची जागा बघा: मागच्या एक्सलच्याही मागे आणि सीटच्याही वर. माझ्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर १४०० मिमी आहे आणि बॉक्सचा मध्य मागच्या एक्सलच्या ३५० मिमी मागे येतो. त्यात आठ किलो ठेवले तर मागच्या चाकावर दहा किलो येतात आणि पुढच्या चाकावरचे दोन किलो उचलले जातात. दोन किलो म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण मागे बसणाऱ्याचं जवळपास सगळं वजन आधीच मागच्या चाकावर असतं. पुढचं चाक तसंही हलकं झालेलं, त्यात ही भर. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढवला आणि बाजूने ट्रक गेला की हँडलमध्ये एक संथ डोल यायचा. बॉक्स रिकामा केला की डोल गायब. बॉक्सच्या झाकणाच्या आत कमाल वजनाचं स्टिकर असतं, ते वाचा, आणि प्लेटचं वेगळं असतं तेही. दोन्हींतलं कमी ते खरं. बऱ्याच प्लेटा पाच किलोच्या आसपासच थांबतात, आणि रिकामा बॉक्सच तीन-चार किलोचा असतो.

बॉक्स काढायला घरातून विरोध झाला, हेही नोंदवतो. बायकोला पाठ टेकायला तो आवडत होता. बॉक्स गेल्यावर तिला आधार राहिला नाही, आणि तासाभरानंतर कंबर बोलू लागते ही तिची तक्रार रास्त आहे. आता प्लेटवर आडवा कापडी रोल बांधतो. त्यात फक्त कपडे, तीन किलोच्या आत. पाठ टेकते, पण बॉक्सएवढी नीट नाही. रोल फार उंच झाला तर पाय पलीकडे टाकता येत नाही, त्यामुळे उंची तिने ठरवायची आणि मी बांधायचं. मागे बसणाऱ्याच्या पाठीवर सॅक देण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो अजिबात मान्य नाही. गाडी पुढे खेचली गेली की सॅक मागे ओढते, खांदे दुखतात आणि वजन उंचावर जातं.

याच संदर्भात, स्टे बसवताना मागे बसणाऱ्याला गाडीवर बसवून माप घ्या. वजन पुढे असावं म्हणून बॅगा पुढे सरकवाव्याशा वाटतात, पण बॅग पुढे आली की टाच तिला लागते आणि पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकत नाही. ज्याचा पाय टेकलेला नाही तो ब्रेक लागल्यावर सगळा भार तुमच्या पाठीवर टाकतो. आम्ही बॅगा दोन बोटं मागे घेतल्या.

टँक बॅग ही डबलसीटसाठी सर्वात चांगली जागा, कारण वजन दोन चाकांच्या मध्ये राहतं. पाणी, कॅमेरा, कागदपत्रं, तीन किलोपर्यंत. माझी चुंबकवाली आहे. चुंबकाखाली धूळ अडकते आणि टाकीच्या रंगाला बारीक ओरखडे पडतात, म्हणून लावण्याआधी दोन्हीकडून पुसावं लागतं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, बॅग हॉर्नचं बटण दाबत नाही ना. माझी दाबत होती, चेन उघडून ती अर्धी केली.

बॅगांइतकंच गाडीचं सेटिंग महत्त्वाचं. मागचा शॉकअप कारखान्यातून येतो तो एका माणसाच्या हिशोबाने. मेन स्टँडवर चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून सीटखालच्या एका बोल्टपर्यंत टेपने मोजलं, मग दोघं सामानासकट बसलो आणि तिसऱ्याने पुन्हा मोजलं. मागच्या चाकाची हालचाल १५० मिमी, आणि गाडी नुसती बसल्यावरच सत्तरएक मिमी खाली गेलेली. सी-पान्याने प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) दोन घरं वाढवल्यावर पन्नासवर आली, म्हणजे सुमारे एक तृतीयांश, आणि तेवढीच हवी. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे घर सारखंच ठेवा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची उंची परत मिळते. पण उंचीनेच बरंच काही सुटतं: हँडल पुन्हा जमिनीशी बोलू लागतं, साइड स्टँड नीट टेकतो आणि हेडलाइट झाडांवरून रस्त्यावर येतो. तरी तो थोडा खाली करावाच लागला, नाहीतर समोरचा डोळ्यावर हात धरायचा.

टायरच्या हवेचं स्टिकर चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) असतं, त्यात डबलसीटचा आकडा वेगळा दिलेला असतो. तोच भरा, टायर थंड असताना. टायरवर छापलेला कमाल दाब हा तुमच्यासाठीचा सल्ला नाही. टायरच्या साइझपुढे एक छोटा आकडा असतो, तो लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा: ५७ म्हणजे २३० किलो, ६६ म्हणजे ३००. माझा मागचा ६६ आहे आणि भरलेल्या गाडीत त्यावर सव्वादोनशेच्या आसपास येतात, त्यामुळे निवांत आहे. टायर बदलताना दुकानदार हाच आकडा खाली आणू शकतो, तेवढं बघा.

चेनचा ढिलेपणा दोघं बसलेले असताना तपासा. स्विंगआर्म जिथे फिरतो तो बोल्ट, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात ताणलेली असते, आणि भरलेली गाडी त्या स्थितीच्या जवळ जाते. रिकाम्या गाडीत ठाकठीक वाटणारी चेन तिथे तारेसारखी होते.

चालवताना ब्रेक बदलतात. मागच्या चाकावर वजन असल्याने मागचा ब्रेक एरवीपेक्षा बराच उपयोगी पडतो, चाक पटकन घसरत नाही. मी पुढचा हळू दाबत नेतो, नाहीतर मागचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटतं. घाट उतरताना खालचा गिअर, ब्रेकला मधून मधून विश्रांती. चढण्या-उतरण्याचा आमचा नियम एकच: स्टँड वर, माझे दोन्ही पाय जमिनीवर, मी ‘ये’ म्हटलं की तिने फूटरेस्टवर पाय ठेवायचा. उतरताना ती आधी.

तक्रारी सांगायच्या तर सॅडलबॅगांच्या चेन. धुळीत महिन्याभरात अडकायला लागल्या, मेण लावून चालवतोय. सोबतचं पावसाचं कव्हर वेगात फुगतं आणि बॅगेचा आकारच बदलतो. मी ते टाकून दिलं आणि आत तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पाणीरोधक पिशव्या घातल्या. स्टेचे बोल्ट पहिल्या पन्नास किलोमीटरमध्येच सैल झाले होते. निळं थ्रेडलॉक (बोल्टच्या आट्यांना लावायचा गोंद) लावल्यापासून शांत आहेत, तरी रोज सकाळी पान्याने एकदा हात फिरवतो. स्टेचं वेल्डिंगही पुसून बघतो, कारण तडा रंगाखाली सुरू होतो.

या बॅगा पुन्हा घेईन का? घेईन, फक्त गुंडाळून बंद होणाऱ्या तोंडाच्या. बॉक्स ज्याला एकट्याने रोजच्या कामाला हवाय त्याने खुशाल घ्यावा. माझा पुढचा खर्च मागच्या शॉकअपवर आहे. प्रीलोडने उंची मिळाली, पण मोठ्या उंचवट्यानंतर गाडी अजूनही दोनदा उसळते, आणि रिबाउंड (दबलेला शॉकअप किती वेगाने परत उघडतो ते) बदलायची सोय या शॉकअपला नाही.