हिरवे वासे घेताना मधून कापून बघा

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या दापोलीकडच्या घराचं अर्धं छप्पर उडालं. साऱ्या पट्ट्यात तीच गत. कौलं मिळेनात, सुतार मिळेना, आणि सागाचा भाव ऐकून बाबा गप्पच बसले. तेवढ्यात एक व्यापारी पिकअपमधून हिरवट वासे घेऊन आला. "आंबाच आहे, पण प्रेशर ट्रीटमेंट केलेला. 20 वर्षं कीड शिवणार नाही." मी 34 वासे घेतले.

अशी ट्रीटमेंट असते, म्हणूनच मी फसले. तांबं, क्रोम आणि आर्सेनिकचं हे औषध 1933 साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी शोधलं. आंब्यासारखं पटकन किडणारं लाकूडही त्यानं टिकतं. पण त्यासाठी वाळलेलं लाकूड बंद सिलिंडरमध्ये घालून आधी हवा खेचतात, मग दाबानं औषध आत भरतात. हिरवेपणा येतो तो तांब्यामुळे. नुसता हिरवा रंग काय, कुणीही ब्रशनं मारेल.

2022 च्या उन्हाळ्यात माजघरात पांढरं पीठ पडायला लागलं. आई सकाळी केर काढायची, संध्याकाळी पुन्हा तेच. वाशांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडली होती. सुतारकाकांनी एक वासा उतरवून मधोमध कापला. हिरवा रंग कागदाच्या जाडीइतकाच. आत फिकट लाकूड आणि पिठानं भरलेली भुंगेऱ्यांची बिळं. "टोकं तेवढी बुडवलीत ताई," काका म्हणाले. घेताना मी टोकंच पाहिली होती!

लाकूड टोकाकडून सहज पितं, त्यामुळे टोक बघून काही कळत नाही. टोकापासून दोन फूट आत, तुमच्यासमोर कापायला लावा. एक वासा वाया गेला तरी चालेल. आंब्यात रंग मधापर्यंत दिसायला हवा. सागाचा गाभा औषध घेत नाही, तिथे गाभ्याबाहेरचा फिकट भाग पूर्ण मुरलेला हवा. ओलं फडकं घासून बघा, फडकं हिरवं झालं तर माल परत पाठवा.

माझ्या बिलावर फक्त 'लाकूड सामान' लिहिलं होतं आणि त्या माणसाचा फोन बंद. तक्रार करायची तर कशाच्या जोरावर? औषधाचं नाव, घनमीटरला किती किलो मुरवलं आणि कुठल्या प्लांटमध्ये, हे बिलावर लिहून घ्याच.

आणि अशा लाकडाचे तुकडे बंबात किंवा चुलीत कधीही घालू नका, आर्सेनिक धुरातून येतं. आईनं आमचे तुकडे पाणी तापवायला वापरले होते. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी 22 वासे बदलले. वादळात पडलेला आमचाच फणस परसात दोन वर्षं पडून होता, तेव्हा चिरायला माणूस मिळाला नव्हता. वरचं लाकूड कुजलं होतं, पिवळा गाभा मात्र घट्ट. त्यातून निघाले तेवढे वासे घातले, बाकीचे ऐनाचे.