देवगिरी की म्हैसमाळ?

भाचीला एकच रविवार मोकळा आहे आणि लाव्हाचा खडक पाहायचाय. छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरी (दौलताबाद) किल्ल्यावर जावं की म्हैसमाळच्या थंड हवेच्या डोंगरावर, असं ती विचारते. आधी एक सांगतो: देवगिरी दिसतो ज्वालामुखीसारखा, पण तो झिजून उरलेला बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा मुख्यतः भेगांतून पसरला.

खडक पाहायला देवगिरीच सरस. किल्ल्यासाठी तासलेल्या उभ्या कड्यात तो उघडा पडलाय. पण अंधारी (किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता), वटवाघळांचा वास, पायऱ्याच पायऱ्या. गुडघ्यांचा निकाल लागतो. म्हैसमाळला गाडी थेट वर जाते, हजार मीटरच्याही पुढं. सपाट माथा, पावसाळ्यात धुकं. मे महिन्यात मात्र तिथं बघायचं काय?

दगडात जीव रमत असेल तर सकाळी लवकर देवगिरी गाठ. सोबत आजी असेल तर श्रावणात म्हैसमाळ. गिरिजादेवीचं दर्शनही होईल.