ट्री पिओनी: न्यू जर्सीच्या अंगणात वर्षभरानंतर

भाड्याच्या घरात राहत असाल किंवा दोन-तीन वर्षांत घर बदलायचा विचार असेल, तर ट्री पिओनी, म्हणजे मोठ्या फुलांचं, लाकडी फांद्यांचं हे झुडूप, घेऊ नका. एवढं आधीच सांगून टाकते, कारण हे रोप बस्तान बसवायलाच तीन ते पाच वर्षं घेतं. बाकीच्यांनी पुढे वाचा.

मागच्या ऑक्टोबरात दोन रोपं ऑनलाइन मागवली: पिवळं 'हाय नून' आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं जपानी 'शिमानिशिकी'. एकेकाला साठ-सत्तर डॉलर पडले. खोक्यातून निघाली ती बोटाएवढी काटकी आणि खाली जाडजूड मुळं. नवरा म्हणाला, "याचे सत्तर डॉलर?" रास्त प्रश्न होता.

लावताना आपल्याकडची एक सवय बाजूला ठेवावी लागते. आंब्याचं कलम लावताना सांधा मातीच्या वर ठेवायचा, हे आपण लहानपणापासून बघतो. इथे नेमकं उलटं. ट्री पिओनीची काडी बहुतेकदा साध्या, म्हणजे दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळणाऱ्या पिओनीच्या मुळावर बांधलेली असते. सांधा दहा ते पंधरा सेंटिमीटर मातीखाली गाडायचा, म्हणजे काडीला स्वतःची मुळं फुटतात आणि उसन्या मुळाची गरज हळूहळू संपते. आमची माती चिकण, म्हणून वाफा उंच करून त्यात कंपोस्ट मिसळलं. पाणी साचलं की मुळं कुजतात. थंडीपेक्षा त्याचीच भीती जास्त.

थंडीचं तर या झाडाला काहीच नाही. बर्फात काटक्या तशाच उभ्या राहिल्या. पण त्या मेल्यासारख्या दिसतात, म्हणून शेजारी लाल दोरी बांधलेली काठी रोवून ठेवा. लॉन कापायला येणारे लोक साधी पिओनी शरद ऋतूत जमिनीलगत छाटतात, आणि तोच न्याय हिलाही लावतात. हिच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या त्या जुन्या लाकडावरच असतात.

मार्चमध्ये तांबूस, फुगीर कळ्या फुटल्या आणि तिथून जीव अडकला. एप्रिलमध्ये उशिरा दव गोठण्याइतकी थंडी पडली, त्या रात्री कळ्या वाचवायला जुन्या चादरी टाकून रोपं झाकली. शिमानिशिकीने एप्रिल संपता संपता एकच फूल दिलं, बहुतेक लाल, एका बाजूला पांढरा फराटा. पट्टे दर फुलात वेगळे येतात आणि पहिल्या वर्षाच्या फुलावरून जातीची परीक्षा करायची नसते, त्यामुळे तक्रार नाही. फूल मात्र तळहातात मावेना. पाकळ्या रेशमी कागदासारख्या चुरगळलेल्या. हाय नून मेच्या मध्यावर उमललं. लिंबासारखा मंद वास, आतल्या बाजूला पाकळ्यांच्या मुळाशी लालसर डाग. १९५२ सालची ही अमेरिकन जात, ए. पी. सॉन्डर्स यांनी संकरातून काढलेली. उन्हाळ्याच्या शेवटी कधीकधी पुन्हा फुलते असं म्हणतात. आमच्याकडे नाही फुलली.

एक फूल टिकतं आठवडाभर, तेही दुपारची सावली असेल तर. पाऊस आला की मान टाकतं. टोकियोच्या उएनो तोशोगू मंदिराच्या बागेत हिवाळ्यात फुलवलेल्या पिओनींवर गवताच्या खोप्या उभारतात, कोकणातल्या इरल्यासारख्या. मी शेवटी छत्री बांधली. शेजारीण फोटो काढून गेली.

जूननंतर काम संपत नाही. शिमानिशिकीच्या बुडातून चकचकीत, रुंद पानांचा हिरवा कोंब वर आला. ती खुंटाची, म्हणजे खालच्या उसन्या मुळाची, फूट. ट्री पिओनीची पानं मंद राखी-हिरवी आणि कातरलेली असतात, त्यामुळे ओळखायला सोपं. माती उकरून मुळाशी काढावी लागते, नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो आणि वरची महागडी काडी मरते. नर्सरीने पाठवलेल्या कागदावर याचा उल्लेखही नव्हता. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष. ऑगस्टमध्ये पानं तपकिरी, फाटकी झाली. बुरशीने काळी पडलेली पानं कापून कचऱ्यात टाकली, कंपोस्टमध्ये नाही. हरणांनी मात्र तोंड लावलं नाही. त्यांनी आमची होस्टा ही पानांसाठी लावलेली झाडं दरवर्षी फस्त केलीत, त्यामुळे एवढ्या एका गुणावर मी अर्धे पैसे वसूल धरते.

फुलांचा आठवडा सोडला तर उरलेलं वर्ष हे झाड देखणं नाही. ज्यांना सतत फूल हवं त्यांनी गुलाब लावावा. मधला मार्ग हवा असेल तर इतोह संकर बघा: तोइची इतोह यांनी १९४८ मध्ये साधी पिओनी आणि ट्री पिओनी यांचा मेळ साधला. थंडीत वरचा भाग वाळतो, फूल मात्र ट्री पिओनीसारखं येतं.

पुण्याहून बहिणीने विचारलं, कुंडीत जमेल का? नाही जमणार. कळी धरायला हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. पुण्याच्या डिसेंबरने तिचं भागत नाही.

या शरद ऋतूत तिसरं रोप घेतेय, दुसऱ्या नर्सरीतून. या वेळी जास्त पैसे मोजून वयाने मोठं आणि स्वतःच्या मुळावरचं.